उरलेल्या औषधाच्या गुळण्या

३ मार्च
आले एकदाची. खोली लहान, पण भिंती कोरड्या आणि खिडकी थेट प्रयोगशाळेच्या दारासमोर. इथलं काचसामान धुऊन-उकळून देण्याचा विभाग आता माझ्या ताब्यात. रसायनशास्त्राची जुनी पदवी अखेर कामाला आली. खरं कारण इथल्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर आहे: माझी लेक. तिच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस जिवाणू भिनलेत आणि एकाही प्रतिजैविकाला ते दाद देत नाहीत. नवं औषध फक्त इथे मिळतं. उद्यापासून रोज भेट!

५ मार्च
मोठ्या डॉक्टरांनी औषध समजावून सांगितलं. जिवाणूंनाही विषाणू ग्रासतात. आत वाढलेले विषाणू बाहेर पडताना एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, जिवाणूची भिंत फोडतात. इथल्या डॉक्टरांनी विषाणू बाजूला ठेवून तेवढं विकर घेतलं. जिवाणूंनी गढूळ झालेल्या नळीत थेंब टाकला आणि बघता बघता पाणी नितळ. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ म्हणाला, काकू, डोळे पुसा, नळीत पडेल काहीतरी.
लेकीचा ताप उतरतोय. मी तिची चादर ताठ करू लागले तर म्हणाली, आई, इथे तरी शिस्त लावू नकोस.

९ मार्च
इथली एक पद्धत फार आवडली. बाटल्यांच्या तळाशी उरलेल्या विकरात पाणी घालून सगळे सकाळी गुळण्या करतात. आपला घसा साफ, रुग्णांना धोका नाही. काहीजण टाळाटाळ करायचे. आता मीच पेला घेऊन दारात उभी राहते. गुळणी केल्याशिवाय आत पाऊल नाही. तंत्रज्ञ मला हेडमास्तरीण म्हणतो. म्हणू दे. सगळ्यांना पुरावं म्हणून मी पाणी जरा वाढवलं आहे.

१७ मार्च
तंत्रज्ञाचा घसा सुजला, ताप चढला. त्याच्या घशातले जिवाणू नळीत वाढवून थेंब टाकला. गढूळच. आणखी टाकला. गढूळच.
डॉक्टरांनी विचारलं, गुळण्यांचं पाणी इतकं पातळ कोणी केलं? मी म्हणाले, मी. ते म्हणाले, पद्धत आमचीच होती, काकू. पण जिवाणूंना मरण्याइतकं औषध मिळालं नाही, म्हणून काही तगले. रोज सकाळी आपण त्यांना तालीम दिली.

१९ मार्च
तंत्रज्ञ गेला.
सगळ्यांचे घसे तपासले. माझ्या घशात तेच जिवाणू. मला ताप नाही, दुखत नाही, काही नाही. आणि रोज लेकीच्या उशाशी बसून, तोंडाजवळ तोंड नेऊन गप्पा—

२१ मार्च
तिला पुन्हा ताप. तिच्या रक्तातले जिवाणू वाढवून विकराचा थेंब टाकलेली नळी मी स्वतः उजेडात धरली. हलवली. पुन्हा धरली.
गढूळ.

२२ मार्च
मला आत सोडत नाहीत. बरोबरच आहे. मीही हाच नियम केला असता. काचेतून तिचे ओठ हलताना दिसतात, ऐकू येत नाही. डॉक्टर दुसरं विकर शोधताहेत. वेळ लागेल म्हणाले. वेळ—

२४ मार्च
आज ओठही हलले नाहीत.

२५ मार्च
परिचारिका बाहेर आली. म्हणाली, काकू, जा आत. मी मास्क बांधू लागले. तिने हळूच माझा हात धरला. म्हणाली, आता नको त्याची गरज.
दार उघडं आहे. मी बाहेर बाकावर बसून हे लिहिते आहे. लिहून होईपर्यंत तरी ती