अब्राहामाचे उंट आणि माझी भीड

१२ ऑक्टोबर, रविवार

खोटं बोलले. सरळ खोटं पण नाही, अर्धं खरं. ते जास्त वाईट!

एलन इथे डब्लिनच्या चर्चमध्ये म्हाताऱ्यांना बायबल शिकवते. एलनमावशी म्हणते मी तिला, तिला आवडतं. आज तिच्या वर्गात मी पाहुणी. विषय: अब्राहाम खरंच होऊन गेला का, उत्खननात काय सापडलंय. तिनं ओळख करून दिली, "ही उपासना, नागपूरची. पीएचडी करते. जनावरांच्या जुन्या हाडांवर काम आहे तिचं."

मी भांडी, भिंती, जुनी गावं असं काहीबाही बोलले. मग हॅरल्ड नावाचे एक उंच आजोबा उभे राहिले. बायबलात अब्राहामाकडे उंट आहेत. "त्याच्या मुलखात उंटांची हाडं सापडली का? हो की नाही, एवढंच सांग."

म्हटलं, "हो, सापडलीयत."

टाळ्या!

सापडलीयत ना, पण पाळीव उंट त्या भागात दिसतात ते अब्राहामाचा जो काळ सांगतात त्याच्यानंतर जवळजवळ हजार वर्षांनी. माझा स्वतःचा पेपर आहे त्यावर! वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. समोर एलनमावशी बसलेली. पहिल्या हिवाळ्यात तिनं मला स्वतःचा कोट दिला, ताप आला तेव्हा दवाखान्यात नेलं. अन् अब्राहाम म्हणजे या लोकांच्या श्रद्धेचा मूळपुरुष. वाटलं, खाल्ल्या घरी कशाला कोणाचं मन दुखवा.

भीड भिकेची बहीण. आई उगाच नाही म्हणत.

निघताना मावशीनं उरलेला पंपकिन पाय, भोपळ्याचा गोड पदार्थ, फॉइलमध्ये बांधून दिला. अन् मी घेतला! निर्लज्ज.

१३ ऑक्टोबर

रूममेट प्रीताला सांगितलं. "चिल यार, बायबलचा क्लास होता तो, तुझा पीएचडीचा डिफेन्स थोडीच होता?" पंपकिन पाय तिनंच संपवला. मी हात लावला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

हॅरल्डनी चर्चच्या पत्रकात छापलं: "उंटांची हाडं सापडली, शास्त्रज्ञ उपासना यांचा दुजोरा. अब्राहामावर शंका घेणाऱ्यांना उत्तर." सोबत माझा फोटो. फोटोत हसतेय मी!

तोंड कुठे लपवू असं झालंय. दहावीत होते तेव्हा शेजारच्या काकूंना त्यांच्या महाराजांच्या चमत्काराचा पुरावा मागितला होता मी, भर अंगणात, सगळ्यांसमोर. पप्पा विहारात सांगत फिरले, "आमची पोरगी तपासल्याशिवाय काही मानत नाही." ती पोरगी एका कोटापायी गप्प बसली. वा रे वा!

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चकडे फिरकले नाही. पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. "लेक्चर कसं झालं बेटा?" छान झालं म्हटलं. हे दुसरं खोटं.

२० ऑक्टोबर

मावशीचा फोन नाही. एरवी दर सोमवारी असतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

लिहिलं एकदाचं. हॅरल्डना आणि वर्गातल्या सगळ्यांना ईमेल. हाडं आहेत, पण फार नंतरची. अब्राहाम होऊन गेला असं सांगणारी एकही वस्तू उत्खननात मिळालेली नाही. नव्हताच, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. "आणि हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं." हे शेवटचं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा लिहिलं. मग सेंड दाबलं.

मावशीला मात्र ईमेल नाही केला. उद्या घरी जाऊन तोंडानं सांगणार. बिचारीला केवढा धक्का बसेल! रागावली तर रागावू दे.

२६ ऑक्टोबर, रविवार

तिला धक्का वगैरे काही बसला नाही. माझा पेपर तिनं उन्हाळ्यातच वाचला होता, टिपा काढून!

"हॅरल्ड वर्षभर भांडतोय, हाडं आहेत म्हणून. मी म्हणते, श्रद्धेला हाडं लागत नाहीत, आणि खोटी तर नकोतच. म्हणूनच तुला बोलावलं. वाटलं, तू खरं सांगशील."

पत्रकातलं माझं 'हो' वाचून चर्चनं मागच्या रविवारी वर्ग तिच्याकडून काढून हॅरल्डना दिला. एकवीस वर्षं शिकवत होती ती.