एका नंबरावर दोन माणसं

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ऑफिसात तुम्हाला पाहिलेलं माझ्याशिवाय आता कोणीच उरलेलं नाही. म्हणून हे तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी तुम्ही कोण होतात ते सांगावं लागतं, आणि तेवढ्यातच समोरचा मोबाईल बघायला लागतो.

आपलं ऑफिस अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होतं. खालच्या गाळ्यात बॅगा शिवायचे, वर आपण हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंटची नोंद, लॅबचे रिपोर्ट, बिल. कोपऱ्यात पडदा लावून केलेलं स्वयंपाकघर होतं आणि दुपारी सगळे तिथेच उभ्याने जेवायचे. तुम्ही वर्सोव्याहून येताना सुक्या जवळ्याची चटणी आणायचात. माझ्या पहिल्याच दिवशी तुम्ही माझा डबा उघडलात, म्हणालात, "भाकरी आहे? दे गं इकडे," आणि विचारायच्या आत अर्धी मोडून घेतलीत. कॉलेजात चार वर्षं माझ्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. मी घाटकोपरला घरी जाऊन आईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त असायची.

तुम्ही एकदाच मला सगळ्यांसमोर झापलंत. एका हॉस्पिटलला बिलाच्या स्क्रीनवर टेस्टची नावं लगेच हवी होती. मी बिलाच्या कोडमधून सरळ लॅबच्या डेटाबेसमध्ये शिरले आणि संध्याकाळपर्यंत काम करून दिलं. हॉस्पिटलवाले खूश. तुम्ही स्क्रीन पाहिलीत, मग कोड पाहिलात.

"हे कोणाला विचारून केलंस?"

"मॅडम, चालतंय ना पण."

"चालतंय म्हणजे बरोबर आहे असं कोणी सांगितलं तुला? बिलवाल्याने लॅबच्या कपाटात हात घालायचा नाही. हवं ते दारात उभं राहून मागायचं. उद्या लॅबवाल्याने कपाट हलवलं की तुझं बिल बंद पडेल, आणि तू मात्र बिलातच बिघाड शोधत बसशील."

तो कोड तुम्ही माझ्याच हाताने काढायला लावलात. मी चिडले होते, तोंड पाडून बसले होते. तुम्ही चहाचा कप आणून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "लवकर करता येतं ते कोणीही करतं गं. नंतर बदलता येईल असं करणं, हे आपलं काम." तुमच्याकडे डिझाइन म्हणजे एवढंच होतं. काय बदलणार आणि काय बदलणार नाही ते आधी ओळखायचं, आणि न बदलणाऱ्यावर भार टाकायचा.

पेशंटची ओळख कशावरून ठरवायची, यावर तुम्ही आम्हाला कित्येक दिवस अडवून ठेवलं होतंत. मी म्हटलं, फोन नंबर घेऊ, प्रत्येकाचा वेगळा असतो. तुम्ही हसलात. "तुमच्या घरी फोन होता?" मी सांगितलं, नव्हता, चाळीत शेजारच्या काकूंचा नंबर आम्ही पी.पी. म्हणून द्यायचो. "मग तुझ्यासाठी फोन आला की कोण उचलायचं?" काकू. "म्हणजे तो नंबर म्हणजे तू का?" बस्स. त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला आपला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि फोन म्हणजे फक्त माणसापर्यंत पोचायची वाट झाली. तुमच्या आजारपणात, तुमच्या नंतरही, इतकी हॉस्पिटलं वाढली, पण दोन माणसांची अदलाबदल कधी झाली नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही की ती होत नाहीये.

मग कंपनी विकली गेली. आता आम्ही काचेच्या इमारतीत बसतो आणि माझ्या हुद्द्यात आर्किटेक्ट हा शब्द आहे. नव्या मालकांना पेशंटसाठी ॲप हवं होतं, तेही झटपट. मोबाईल नंबर टाकला की रिपोर्ट दिसला पाहिजे. ॲपच्या टीमने मोबाईल नंबर म्हणजेच पेशंट असं धरलं. मी मीटिंगमध्ये विरोध केला, लिहून दिलं, पुन्हा केला. नवे साहेब वयाने माझ्याहून लहान आहेत, वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "यार, आज सगळ्यांकडे फोन आहे. आधी लाँच करू, हे नंतर बघू." डॉक्टरांच्या स्क्रीनलाही तेच जोडलं गेलं. मग बिलाला. मग औषधांना.

कांदिवलीचा एक माणूस आहे, रिक्षा चालवतो. त्याच्या आईला फोन वापरता येत नाही म्हणून त्याने हॉस्पिटलात आपला नंबर दिला. बायकोसाठीही आपलाच दिला. दोघींची रक्ततपासणी एकाच आठवड्यात झाली. डॉक्टरांनी आईसाठी नंबर टाकला तेव्हा समोर सुनेचा रिपोर्ट आला. किडनी उत्तम. गुडघ्याच्या गोळ्या चालू ठेवा, म्हणाले. आईच्या किडन्या तेव्हाच खराब व्हायला लागल्या होत्या आणि त्या गोळ्या तिला मुळीच चालत नव्हत्या. कळलं तेव्हा ती डायलिसिसवर होती.

तो आमच्या ऑफिसात आला. रिसेप्शनच्या सोफ्यावर अगदी कडेला बसला होता, खाकी शर्टाची वरची बटणं लावून. मला पाठवताना बजावलं होतं, काही कबूल करायचं नाही. त्याने मला विचारलं, "मॅडम, एकच नंबर दोघींना दिला, हे चुकलं ना माझं?" मी म्हटलं, "नाही. तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते आमचं."  तो म्हणाला, "मग आता आईचं काय करायचं?"  तुमच्याकडे तरी याचं उत्तर असतं का, मॅडम?

त्यानंतर मला त्या प्रकरणातून बाजूला काढलं. उपाय म्हणून ॲपमध्ये एक चौकट आली, 'हा रिपोर्ट तुमचाच आहे ना?' आणि खाली 'हो'चं बटण. मी म्हटलं, मुळातून बदलू या, प्रत्येकाला पुन्हा स्वतःचा क्रमांक देऊ या. साहेबांनी टीमला विचारलं. खरं उत्तर असं होतं की आता जमत नाही. सगळीकडे तोच मोबाईल नंबर मुरलाय. एक जागा सोडवायला जावं तर दहा जागा तुटतात, आणि हॉस्पिटलं एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत. तुम्ही असतात तर ओरडला असतात, पण सोडवणं तुम्हालाही जमलं नसतं. मला वाटत होतं समजावलं की लोक ऐकतात. ऐकतात, मॅडम. मान हलवतात, पटतंही त्यांना. आणि मग होतं तेच होतं.

हे कुठे पाठवायचं नाहीये. वर्सोव्याच्या तुमच्या घरी आता दुसरेच लोक राहतात. फक्त एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात जुना कोड काढून टाकायचं काम निघालं. त्यात तुम्ही लिहिलेला, पेशंटला क्रमांक देणारा भाग होता. एक नवीन मुलगी ते करणार होती. मी म्हटलं, राहू दे, मी करते. एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. काढण्याचं कारण विचारतात तिथे लिहिलं, 'वापरात नाही', आणि काढून टाकलं. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. भूक लागली होती, मी जेवायला गेले.