हौद्यातल्या दोन खुर्च्या

मी, खाली सही करणारी, ट्रकच्या एजन्सीची मालकीण, वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोकं ठिकाणावर, चष्मा नाकावर, आणि आज सकाळीच डॉक्टरांनी नाडी पाहून "तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मगच जाल" असा तोंडी दाखला दिलेली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोड बोलून लिहवून घेतलेलं नाही. गोड बोलण्याचा प्रयत्न झाला होता. तो कोणी केला ते कलम तीनमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही. हा कागद माझ्याच माणसांनी वाचायचा आहे, म्हणून ज्याला मी ज्या हाकेने बोलावते तीच हाक इथे लिहिली आहे.

कलम १. माझी माणसं. मला दोन अपत्यं. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. शिवाय माझे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते आणि सगळा बाजार 'काचवाले' म्हणतो. त्यांना मूलबाळ नाही. धाकटा त्यांच्या अंगाखांद्यावर वाढला आणि आज त्यांचा परदेशी मोटारींचा धंदा तोच सांभाळतो. थोरली माझ्या बाजूला ट्रक विकते, आणि मिस्त्री रजेवर असला तर गाडीखाली शिरून दुरुस्तही करते. 'माझी बाजू' म्हणजे काय ते आता सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

कलम २. शोरूम. सदर शोरूम एकेकाळी एकच होतं. आमचे हे आणि भाऊजी मिळून आपल्या देशी कंपनीची वाहनं विकायचे. पुढे मोटारी, मागे ट्रक. देशी मोटारीबद्दल मेल्यावर तरी खोटं बोलायला नको: दार लावलं की काच खाली यायची, काच वर केली की दार उघडायचं. ट्रक मात्र दणकट. कंपनीने सगळी अक्कल ट्रकमध्ये घातली आणि मोटारीपर्यंत येता येता ती संपली.

मग परदेशी मोटारी आल्या. गुळगुळीत, गारेगार, आवाज नाही. माणसं नुसती दारं उघडून लावून बघायला यायची. भाऊजी म्हणाले, देशी कंपनी सोडू. हे म्हणाले, कंपनीने आपल्याला उभं केलं, तिला पडत्या काळात सोडणार नाही. त्याच वर्षी हे गेले. छाती धरून ट्रकच्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. मी आजही त्या पायरीवर पाय देत नाही.

तेरावा महिना लागायच्या आत भाऊजींनी शोरूमच्या मधोमध, थेट मागच्या अंगणापर्यंत, विटांची भिंत घातली आणि विचारलं, "वहिनी, तुमची बाजू भाड्याने देऊ का कोणाला?"

"मीच राहीन," मी म्हटलं. "ट्रकसकट."

त्यांच्या बाजूला काचा लागल्या, गालिचा आला, कुंड्या आल्या. माझ्या बाजूला ग्रीसचे डबे. 'मोटार म्हणजे मान, ट्रक म्हणजे घाण' अशी म्हणच बाजाराने पाडली. समोरच्या बँकेच्या मॅनेजरांनी मला कर्ज नाकारताना तीच म्हण हसत हसत ऐकवली. सबब, सदर मॅनेजर हयात असेपर्यंत त्यांना एजन्सीतर्फे दर नव्या वर्षी ट्रकच्या चित्रांचं मोठं कॅलेंडर घरपोच द्यावं. आजवर मी देत आले आहे, त्यात खंड पडू नये.

शोरूमची ट्रककडची बाजू, मागचं वर्कशॉप, अंगण आणि एजन्सीचे सर्व हक्क मी थोरलीला निर्वेध मालकीने देते. इतर कोणाचाही त्यात हक्क, हिस्सा किंवा नाक नाही.

कलम ३. धाकट्याचं म्हणणं. गेल्या महिन्यात धाकटा माझ्या पायाशी येऊन बसला. तो पायाशी बसला की मी किल्ल्या सांभाळते.

"आई, तुझी बाजू माझ्या नावावर कर ना. भिंत पाडतो, एकच मोठा हॉल करतो. नुसत्या मोटारी. दृष्ट लागेल असा."

"आणि ट्रक?"

"ते गावाबाहेर एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू. ट्रक बघायला कोण शोरूममध्ये येतं?"

"आणि थोरली?"

"ती जाईल ना शेडमध्ये. नाहीतरी ग्रीसचे हात घेऊन फिरते, माझी गिऱ्हाइकं बिचकतात."

बाळा, याच धंद्यातून तुझ्या शाळेची फी गेली, आणि फी भरणारे हात ग्रीसचेच होते. भिंत पाडायला माझी हरकत नाही. ती मी बांधलीच नव्हती. पण पाडली तर होणाऱ्या एका दालनात ट्रक पुढे राहतील आणि मोटारी मागे, आणि दालनाची मालकी ज्याची त्याची राहील. हे मान्य नसेल तर भिंत आहे तिथे ठीक आहे.

धाकट्याला मी राहतं घर अर्धं देते (उरलेलं अर्धं थोरलीचं) आणि अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली देशी मोटार पूर्ण देते. घराचा ताबा घेण्यापूर्वी त्याने ती मोटार स्वतः चालवून बाजारातून एक चक्कर मारावी. काच खाली आली तर हाताने धरावी. तुझे वडील तशीच धरायचे आणि शीळ घालायचे.

कलम ४. हत्यारं. पाने, जॅक, घण आणि ट्रकच्या स्प्रिंगांचे कमान-पाटे चढवायची मोठी कांब मिस्त्रीला. तो ती आजही घरी नेऊन परत आणतो. आता परत आणायची गरज नाही.

कलम ५. दोन खुर्च्या. वस्तू म्हणून किंमत शून्य, पण माझ्या मालमत्तेत याहून मोलाचं काही नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

भिंत होऊन काही वर्षं झाल्यावर आमच्या कंपनीने मोटारी बनवणं सोडून दिलं. परदेशी लोकांपुढे टिकाव लागेना. मग सरकारनेही बाहेरून येणाऱ्या मोटारींवरची जकात उतरवली. ट्रकवरची मात्र जबर ठेवली, कारण ट्रकचा कारखाना तेवढा जिवंत होता आणि त्यावर अख्खी वस्ती जगत होती. मोटारी त्यांच्या, ट्रक आमचे, अशी वाटणी झाली. मी म्हटलं, बरं झालं, आता सुखाने खाऊ.

पण बोट दिलं की हात धरणारी ती माणसं. परदेशी कंपनीचा छोटा ट्रक बाजारात आला, आणि तो आमच्या ट्रकच्या निम्म्या भावात! एवढी जकात भरून निम्म्या भावात कसा पडतो, हे कोणालाच कळेना. आमची गिऱ्हाइकं भिंतीपलीकडे जायला लागली. कारखान्यात एक पाळी बंद झाली, दुसरी बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. थोरली नुकती हाताशी आली होती. ती रात्रंदिवस नुसते नट घट्ट करत बसायची.

आणि एक दिवस दुपारी आमच्या मागच्या अंगणात धप्पकन काहीतरी पडलं. प्लास्टिकची खुर्ची! पाठीमागून दुसरी. मी स्टुलावर चढून भिंतीपलीकडे डोकावले, तर भाऊजींच्या अंगणात तसल्याच खुर्च्यांचा डोंगर, अगदी भिंतीच्या वरपर्यंत. एक माणूस नव्या ट्रकच्या हौद्यात, म्हणजे माल भरायच्या जागेत, बसून नट काढत होता आणि खुर्च्या डोंगरावर भिरकावत होता.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हौद्यात दोन खुर्च्या ठोकायच्या, धरायला एक दांडी लावायची आणि बंदरावर सांगायचं, ही माणसं बसायची मोटार आहे. जकात मोटारीची भरायची. गावात आल्यावर खुर्च्या उपटायच्या आणि ट्रक म्हणून विकायचा. बंदरावर सासू, गावात सून!

मी दोन्ही खुर्च्या काखोटीला मारून तडक बंदरावर जकात अधिकाऱ्यांकडे गेले. सुनावणी लागली. परदेशी कंपनीचा टायवाला साहेब रंगीत चित्र घेऊन आला. चित्रात हौद्यातल्या खुर्च्यांवर एक जोडपं वाऱ्यावर केस उडवत हसत होतं. शेजारी भाऊजी, इस्त्रीचा कोट घालून. भिंत बांधल्यापासून आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नव्हतो.

अधिकारी म्हणाले, "म्हणजे ही प्रवासी मोटार. मग मागे कोणीतरी बसून दाखवा."

टायवाल्या साहेबांना एकदम पाठदुखी आठवली. मी म्हटलं, "मी बसते. आणि जे विकतात, त्यांनी शेजारी बसावं."

डोक्याला फडकं बांधून मी बसले. भाऊजींना बसावंच लागलं. बंदराच्या आतला रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि खडी. पहिल्याच खड्ड्याला आम्ही दोघे हातभर वर.

"वहिनी, दांडी धरा घट्ट!" एवढ्या वर्षांतला त्यांचा पहिला शब्द.

"धरली होती, भाऊजी," मी म्हटलं, "हातात आली." आणि उपटलेली दांडी त्यांना दाखवली.

पुढच्या वळणावर त्यांनी आपला हात माझ्यापुढे आडवा धरला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. आमच्या यांचा हात अगदी तसाच होता, मनगटापाशी रुंद. मला रडू येत होतं, पण तेवढ्यात त्यांचा कोट खिळ्यात अडकून पाठीवर टर्रकन फाटला आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना. धुळीने तोंडं भुरकी, डोळ्यांत पाणी, आणि आम्ही हसतोय.

उतरल्यावर अधिकाऱ्यांनी भाऊजींना विचारलं, "बोला. मोटार की ट्रक?"

टायवाला साहेब डोळे वटारून बघत होता. भाऊजींचा सगळा धंदा त्या एका शब्दावर टांगलेला होता. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्यांनी कोटाची फाटकी बाजू मागे दाबून धरली आणि म्हणाले,

"साहेब, मोटार असती तर मी वहिनींना मागे बसवलं नसतं. ट्रक आहे हा."

झालं! पुरी जकात बसली. निम्म्या भावाचं सोंग उतरलं. बंद पडायला निघालेली पाळी चालू राहिली, आणि बंद झालेलीही पुढच्या हंगामात सुरू झाली. मी एजन्सीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, वाजवा रे हॉर्न! बाजार कानात बोटं घालून उभा होता, आणि बँकेच्या मॅनेजरांनी खिडकी लावून घेतली. मी तर वर्कशॉपच्या दारात उभी राहून टाळ्या पिटत होते. तो दिवस माझा होता आणि मी तो पुरेपूर उपभोगला.

परदेशी कंपनीने भाऊजींकडून ट्रक काढून घेतले. मोटारीही काढणार होती, पण भाऊजींइतक्या गोड जिभेचा दुसरा विक्रेता तिला मिळेना.

थोरलीसाठी इथे एक गोष्ट लिहून ठेवते. जकातीने फक्त अंगण सरळ करून मिळतं, नाचावं आपलं आपल्यालाच लागतं. पुढची वर्षं तू आणि कंपनी मिळून नाचलात, कुठेही मोडला तरी तिथल्या तिथे दुरुस्त होईल असा ट्रक केलात, म्हणून आपण उभे आहोत. आज भिंतीपलीकडच्या चकचकीत मोटारी गावात येतात त्या आपल्याच लांब ट्रकवर बसून येतात. दर खेपेला मी बाहेर खुर्ची टाकून बघते. माल कोण आणि वाहन कोण, हे शेवटी ठरलं.

त्या दोन खुर्च्या सध्या भिंतीच्या पुढच्या टोकाशी ठोकलेल्या आहेत, एक तिकडे, एक इकडे. संध्याकाळी भाऊजी आणि मी तिथे बसतो. ते म्हणतात, "वहिनी, मोटारीची सर कशालाच नाही." मी म्हणते, "बसलाय कशावर ते बघा आधी."

सदर दोन्ही खुर्च्या मी भाऊजींना देते. त्यांना या मृत्युपत्राचा साक्षीदार व्हायचं होतं. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही. मी भाऊजींना विचारलं, सही करता की खुर्च्या घेता? त्यांनी बराच विचार केला. "खुर्च्या द्या," म्हणाले.

कलम ६. बँकेतली शिल्लक. तिच्यातून वर्कशॉपमागे ड्रायव्हर लोकांसाठी गरम पाण्याची न्हाणी आणि पाठ टेकायला स्वच्छ खोली बांधावी. उरेल ते दोन्ही मुलांनी न भांडता वाटून घ्यावं. भांडलात तर तेही न्हाणीला.

कलम ७. शेवटचा प्रवास. मला नेण्यासाठी काचेची गाडी बोलावू नये. ती परदेशी कंपनीची असते, मी चौकशी केली आहे. मला आपल्या ट्रकच्या हौद्यातून न्यावं. ट्रक थोरलीने चालवावा आणि खड्डे चुकवू नयेत, मला सवय आहे. दोन्ही खुर्च्या त्या दिवसापुरत्या हौद्यात पक्क्या बसवाव्यात. नट धाकट्याने स्वतःच्या हाताने आवळावेत. हात काळे झाले तर तसेच राहू द्यावेत, त्या दिवशी गिऱ्हाईक बघणार नाही. दांडी नवी लावावी.

एका खुर्चीवर भाऊजींनी बसावं. दुसरी माझी, ती रिकामी ठेवावी. भाऊजींनी माझ्याआधी जाऊ नये, अशी त्यांना या कागदान्वये सक्त ताकीद देत आहे.

वाटेत नाक्यावर कोणी अडवून विचारलंच, हौद्यात माणसं बसलीत, ही मोटार की ट्रक, तर कोणी मध्ये बोलू नये. उत्तर भाऊजी देतील. एकदा दिलेलं आहे.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून, वाचून, दोनदा हसून सही केली.

स्थळ: शोरूम, ट्रकची बाजू.
दिनांक: नव्या ट्रकची पहिली खेप दारात उभी आहे तो बुधवार.

सही: लिहून देणार, ट्रकवाल्या वहिनी

साक्षीदार:
१. डॉक्टर. (बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. माझ्यापेक्षा जास्त.)
२. जकात अधिकारी, निवृत्त. (ट्रकच होता. मी पाहिला आहे.)