विमलचे आहारशास्त्र

शुक्र. १४ जून १९७४, स. ७॥
मालेगाव (नागपूरकडचे). शेठच्या अडतीवर काट्याची पारडी पुसत होतो. शिरपूरहून पहिल्या एस.टी.ने विमलचा भाऊ गजानन आला. विमल मॅट्रिक पास, फर्स्ट क्लास. हमालांनी पेढे मागितले, दिले. आनंद झाला असे लिहायला हवे. मी नववीत दोनदा नापास.
विमलचे-माझे लग्न दिवाळीनंतर ठरले आहे. जाता जाता गजानन म्हणाला, "ताई आता नागपूरले जातो म्हन्ते. खान्याचं शिकाले."
किसन हमाल: "काहून मापारी, गावातल्या चुली सरल्या काय?"

रवि. १६ जून
मायसोबत शिरपूरला. लुगडे व पेढे नेले. ओसरीवर विमलचा आतेभाऊ सुरेश बसलेला. नागपूरला शेतकी शिकतो. पँटला इस्त्री. हे खूळ त्यानेच तिच्या डोक्यात घातले. कोर्स गृहविज्ञानाचा, त्यात आहारशास्त्र. एक वर्ष पी.डी. (प्री-डिग्री), मग डिग्रीची तीन. म्हणजे चार.
विमल दाराआडून बोलली, पण त्याच्याशी. मोठ्या दवाखान्यात कोणत्या रोग्याला काय जेवण द्यायचे, हे ठरवणारी बाई असते. वसतिगृहाची मेस सांभाळता येते. शाळेत शिकवता येते. नाहीतर सरकारी नोकरी, गावोगाव जाऊन बाळंतिणींना समजावून सांगायचे. ती म्हणाली, "मले हेच कराचं हाय. दुष्काळात खडीच्या कामावर मी पोराईले सरकारी सुकडी खायाले वाटे. एक माय पोराले नुस्तं पेजेचं पानी पाजे. त्याले काय द्यावं, मले सांगताच आलं नाही."
हे तिने मला कधी सांगितले नव्हते. सुरेशला माहीत होते.
सुरेश मला बहिणीचा नवरा करून म्हणाला, "भाटवे, तुमी पोते तोला, हे प्रोटीन तोलन. जोडी जमली!" सगळे हसले. मीही.
आत्याच्या पोराचा पहिला हक्क. त्यांनी मागणी घातली नाही, म्हणून ती मला मिळाली. असे मायच म्हणते.
सुरेश एस.टी.वर पोचवायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "तिथं अंडे शिजवा लागते, चाखा लागते. मामाले बोलजा नोका."
त्याचे मामा, म्हणजे माझे होणारे सासरे, महानुभाव पंथाचे, उपदेश घेतलेले. सोयरिकीत त्यांची एकच अट होती, जावयाने मांस-अंडे सोडावे. मी सोडले. मायने कोंबड्याही विकल्या.

गुरु. २० जून
मापात चूक. शेठ बोलले. डोळ्यासमोर सारखे तेच. मी इथे भाकरीवर चटणी खातो, आणि ती तिकडे अंडे उकडून, सोलून, आणि सुरेश समोर

रवि. २३ जून
सासरे तूर घेऊन अडतीवर आले. बोलून गेलो. गेलो नाही, बोललोच. "मामा, त्या शिक्षणात अंडे चाखावे लागते म्हणतात." त्यांनी हिशेबाची पट्टी घेतली, "दंडवत" म्हणाले, चहा न घेता गेले.

बुध. २६ जून
गजानन सांगून गेला. नागपूर बंद. विमल दोन दिवस जेवली नाही.
मला बरे वाटले. मग वाटले नाही.

शुक्र. २८ जून
दुपारी ती स्वतःच अडतीवर आली, गजाननला घेऊन. हमाल उठून बाहेर गेले.
"बाबाले तुमी सांगतलं?"
"हो."
"काहून?"
मी पारडी पुसायला लागलो.
"तुमी अंडं सोडलं म्हने. आमी कवा पाहाले आलो? तुमी म्हटलं, आमी मानलं." मग म्हणाली, "बाबा म्हन्ते, सासरचे हो म्हनतीन तं पाहू. येता सांगाले, का मी समजून घेऊ?"
काय समजून घेऊ, ते विचारले नाही.

मंगळ. २ जुलै
शिरपूर. सांगितले, आमची हरकत नाही. सासऱ्यांनी विचारले,
"अन् तिनं चाखलं तं?"
"चाखू द्या."
"जावईबापू, चार वर्सं थांबसान?"
थांबतो म्हणालो. जरा मोठ्याने, आत ऐकू जाईल असे. आत भांडी घासणे चालू होते, ते थांबले नाही.
माय रागावली आहे. "शिकेल बाई मंग मापाऱ्यापाशी नांदन व्हय?"

सोम. ८ जुलै
नागपूर. सासरे, विमल, मी. सुरेश स्टँडवर हजर. ट्रंक त्याने उचलली. मी आधी हात घातला होता.
प्रवेश झाला. वसतिगृहाच्या बाईंनी विचारले, इथे पालक कोण? सासरे म्हणाले, "आमचा भाचा." रविवारी भेटता येते, फक्त पालकाला. मग बाईंनी माझ्याकडे पाहिले. "आणि हे?"
सासरे चष्मा शोधत होते. विमल म्हणाली, "आमच्या गावाकडचे आहेत."
शिरपूर तिचे. मी मालेगावचा.
लग्न ठरलेल्या मुलींना तिथे घेत नसतील, म्हणून म्हणाली असेल. तसे असेल तर बरोबरच आहे. विचारायचे होते, पण फाटकातून आत पुरुषांना जाऊ देत नाहीत. वळून तिने एकदा पाहिले. आम्ही तिघे ओळीने उभे होतो.

खर्च: एस.टी. जाऊन येऊन २२.००. विमलला ताट-वाटी-पेला १६.५०. तिला केळी १.५०. चहा १.६०. एकूण ४१.६०.
शेठकडून उचल ५०.००. शिल्लक ८.४०. देणे ५०.००.