फोनकडे बघ, ताई

बुकित बातोक
रविवार

प्रिय निशिकांत,

वर पूर्ण नाव बघून दचकला असशील. पत्र, तेही कागदावर, तेही याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला, जिथे मी एमआरटीच्या गाडीने तासाभरात येऊन तुझा कान धरू शकते! पण समोर आले की तू बोलायला लागतोस आणि मी ऐकत बसते, हा पन्नास वर्षांचा अनुभव आहे. आई म्हणायची, आमचा निशू दगडालाही पाझर फोडेल. म्हणून लिहिते आहे. इथे मध्येच बोलायचं नाही, शेवटपर्यंत वाचायचं.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण लिफ्ट बंद होती त्या दिवशी चार मजले चढले, कुणाला सांगू नकोस. कॉरिडॉरमधला कढीपत्ता पुन्हा फुटलाय. काल आर्या येऊन गेली. तुझी लेक आता माझ्या खांद्याच्या वर गेली रे! दिवाळीच्या फराळाचा नमुना आणला होता तिने, मी हात लावला नाही. का खात नाहीस, म्हणाली. पित्त झालंय म्हटलं. "आत्या, यू वरी टू मच, लाह," असं म्हणून माझ्या गळ्यात पडली. त्या पोरीशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

तुझ्या धंद्याची पहिली चकली माझ्या या ओट्यावर तळली गेली, आठवतं का? बँकेतली नोकरी सुटली तेव्हा तीन महिने तू कुणाला तोंड दाखवत नव्हतास. मीच म्हटलं, हाताला चव आहे तुझ्या, ऊठ, भाजणी दळून आणू. तेव्हा मी शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये होते. सव्वीस वर्षं तिथे काढली, आणि माझ्या सहीचा एक कागद परत आला नाही. तरी पहिल्याच दिवशी तुला बजावलं होतं, मी तळीन, डबे भरीन, पण तुझे हिशोब बघणार नाही. घरच्या माणसाचे हिशोब तपासायचे नाहीत, हा बाबांचा नियम. तपासले की माया आटते, म्हणायचे. मी तो डोळे मिटून पाळला. जगाचे कागद तपासले आणि भावाचा एकही उघडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एक गोष्ट मात्र तू न विचारताच मी सांगितली होती. वर्षाची विक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली की जीएसटीसाठी नाव नोंदवावंच लागतं. नफा नव्हे रे, विक्री. खिशात काय उरतं ते इथे कुणी विचारत नाही. तू केवढा चिडला होतास! वर्षभर तेलात हात भाजून मूठभर उरतं, आणि यांना मोजायचाय अख्खा गल्ला! चकली नऊ टक्क्यांनी महागली तर लोक घरीच तळतील, म्हणालास. मी म्हटलं, कुणी तळत नाही, आठ दिवस कुरकुरतील आणि नवव्या दिवशी ऑर्डर देतील. तेव्हा शांत होऊन म्हणालास, बघतो ताई. मला वाटलं, पटलं तुला.

मग ती दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. पाट मांडलेला, मी ताम्हन घेऊन उभी, आणि तू माझ्या फोनमध्ये डोकं घालून बसलेला. सिंगपास जुनं झालंय ताई, नवं करून देतो, म्हणालास. माझ्या फोनचं सगळं तूच करत आलास, त्यात मला नवल ते काय? सगळी सरकारी कामं त्या एका ॲपवर, आणि ते चेहरा बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही, एवढं मलाही ठाऊक. फोनकडे बघ, ताई. सरळ बघ, हलू नकोस. मी बघितलं. हातात निरांजन होतं म्हणून तूच फोन माझ्यासमोर धरलास. मी तर हसलेसुद्धा रे! मग तुला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि तू म्हणालास, यंदा ओवाळणीत पाकीट नाही. यंदापासून डब्यावर तुझं नाव. 'संजीवनी फराळ'.

रडले मी. आठवतंय ना? मंडळातल्या एकेका बाईला तो डबा दाखवत फिरले. मूलबाळ नाही, पण भावाने नाव ठेवलं हो, असं म्हणत फिरले. आता तो डबा मी फडताळात मागे ढकललाय.

गेल्या महिन्यात इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवरच्या लेटरबॉक्समध्ये टॅक्स ऑफिसचं पत्र होतं. 'संजीवनी फराळ' या धंद्याच्या मालक म्हणून श्रीमती संजीवनी देवस्थळी यांनी खुलासा करावा. लिफ्टपाशीच दोनदा वाचलं. आधी वाटलं, पत्ता चुकला. मग नोंदणीची तारीख वाचली. भाऊबीज! मग कळायला काय उरलं? फोनकडे बघितलं, तीच माझी सही झाली होती. निम्म्या ऑर्डरी तुझ्या कंपनीत, निम्म्या माझ्या नावावर, म्हणजे दोन्हीकडची विक्री दहा लाखांच्या आत. किचन एक, कढई एक, तळणारी माणसं तीच, फक्त पावतीवरचं नाव वेगळं. गावाला बघ, म्हशीला दोन दावी बांधली म्हणून म्हशी दोन होत नाहीत. त्यांनाही ते दिसलंय, म्हणून विचारतायत.

मी तुला फोन केला. तू त्याच संध्याकाळी आलास, आणि मला वाटलं, आता पाया पडशील. तू खिशातून छापलेला कागद काढलास. अधिकाऱ्याने काय विचारलं तर मी काय सांगायचं, ओळीने. धंदा माझा एकटीचा. कल्पना माझी. भावाचं किचन मी भाड्याने वापरते. दोनचारदा वाच ताई, पाठ होईल, म्हणालास. आणि वर काय म्हणालास? तू सव्वीस वर्षं अकाउंट्समध्ये होतीस, तुझ्यावर ते पटकन विश्वास ठेवतील.

निशू, केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या वाक्याने कळलं. चोरून सही घेतलीस, ते एक वेळ भीतीपोटी झालं म्हणेन. पण माझी सव्वीस वर्षं तू अशी वापरायला काढलीस? माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस, आणि खांदा मजबूत आहे असं कौतुकही केलंस! मला संताप आला होता. तरी तुला थालीपीठ वाढलं, लोणी वाढलं, कारण तू दिवसभराचा उपाशी दिसत होतास. मी गप्प बसले म्हणजे हो म्हणाले, असं धरून तू निघून गेलास. जाताना लहानपणी करायचास तसा माझा पदर ओढलास. तेव्हापासून मला धड झोप नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. गुरुवारी सकाळी दहाला मला त्यांनी बोलावलंय. तुझा तो कागद याच पाकिटात परत घातलाय, मला तो पाठ होणार नाही. मी खरं सांगणार आहे, भाऊबीजेपासून सगळं. पत्र उद्या पोस्टात टाकते, मंगळवारी तुला मिळेल. मंगळवार आणि बुधवार तुझे. माझ्या आधी तू जा, आपल्या तोंडाने सांग, म्हणजे निदान बहिणीने पकडून दिलं असं आर्याला कधी ऐकावं लागणार नाही. मागचा टॅक्स आणि दंड भरताना कमी पडलं तर माझी शिल्लक तुझीच आहे, त्याचं मला काही वाटत नाही. सिंगपासचा पासवर्ड मी बदललाय, तेवढं मात्र वाटलं. आणि भाऊबीजेला ये. दंड भरून ये, धंदा बुडवून ये, पण ये. फोन दाराबाहेर चपलांपाशी ठेव आणि पाटावर बस. या वेळी मी सांगेन सरळ बघ, हलू नकोस, आणि तू माझ्या डोळ्यांत बघायचंस. जमेल?

तुझीच, अजूनही तुझीच,
ताई