न चाळलेलं पीठ

आत्या, आज समोरची बाई विचारायला आली होती. तिच्या सासऱ्यांना चार दिवस शौचाला झालं नव्हतं. मी सांगितलं, पीठ चाळू नका, कोंडा राहू दे. भाकरी गरम आमटीत कुस्करून द्या, म्हणजे दात नसले तरी चालतं. मेथी, शेपू, पपई द्या, पण एकदम नको, थोडं थोडं वाढवा. आणि पाणी पाजत राहा, नाहीतर कोंड्यानं उलट जास्तच घट्ट होतं. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला लई माहिती की." पुस्तकात वाचलं, म्हटलं. वाचलं ते खरंच, पण नंतर.

तुमचा मुलगा, माझा नवरा, गेला आणि आपल्या घरातली भाकरी बंद झाली. तेरा दिवस लोकांनी डबे आणले, पुढं मी परातीला हातच लावला नाही. सकाळी चहा-पाव, संध्याकाळी मऊ भात. मला तेवढं पुरत होतं, म्हणून तुम्हालाही तेच. तुम्ही येईल त्याला सांगत होता, "दोन दिस झालं, पोटात धोंडा बसलाय बघ." तुमची लेक होटगीहून आली, भावाची आठवण काढून रडली, आणि तुम्ही तिलाही तेच सांगायला लागलात. मी स्वयंपाकघरातून म्हणाले, "मुलगा गेला त्याचं काही नाही, तुम्हाला पोटाचंच पडलंय." तुम्ही पदर सारखा केलात आणि लेकीला म्हणालात, "च्या घे गं, गार हुतोय."

त्यानंतर मी विचारलं की एकच उत्तर, "झालं की." आठव्या दिवशी तुम्हाला उलटी झाली, रिक्षात घालून नेलं. डॉक्टर पोट दाबून पाहतात, म्हणतात, "आजी, सुनेला सांगायचं नाही होय?" तुम्ही छताकडं बघत म्हणता, "तिला आधीच काय कमी हाय का?" एनिमा दिला. घरी आल्यावर मी ज्वारी दळून आणली. पंधरा दिवसांत पोट सुरळीत झालं. पूर्वी संडासातून बाहेर येताना तुम्ही "सुटले गं बाई" म्हणून हसायचात. त्यापुढं तीन वर्षं जगलात, पोटाचं एक अक्षर काढलं नाहीत. मुलाचंही नाही.

त्या बाईला मी शेवटी सांगितलं, रोज विचारत जा, म्हातारी माणसं लाजतात, आमच्या सासूबाईही तशाच होत्या. इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. तुम्ही लाजत नव्हता, आत्या.