न वाचलेल्या तीन सकाळी

सर, तुम्ही आता मराठी बोलता. परवा दुपारी सिंगापुरात, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते ऐकलं. आल्प्सच्या कुशीतलं तुमचं एवढंसं गाव, त्यात जगाला ठाऊक असलेला माणूस एकच, हवामानाचे अभ्यासक तुम्ही. म्हणून गावकऱ्यांनी तुमच्या जन्मघराचं संग्रहालय केलंय. तुमची पत्रं, भाषणं भरून एक पडदा बोलता केलाय. फोनवरूनही विचारता येतं. पावाच्या दुकानातली बाई म्हणे रोज सकाळी त्याला हवा विचारून जाते. माझ्या लेकीने इंग्रजीतून विचारलं, माझी आई कशी विद्यार्थिनी होती? मग इथल्या ढंगाच्या इंग्रजीत मला हाक मारली, "आई, सर सेज यू आर द बेस्ट, लाह!" मला राग आला. फजिती करावी म्हणून मी मुद्दाम मराठीत विचारलं. पडद्याने तुमच्यासारखाच घसा खाकरला आणि तुमच्याच आवाजात तो म्हणाला, "तू एकही सकाळ चुकवली नाहीस." तुम्हाला तर मराठीतला एकही शब्द येत नव्हता.

आणि चुकवल्या होत्या मी, तीन. तुमच्या हाताखाली शिकत होते त्या हिवाळ्यात तुमच्या आईच्या गोठ्यामागचा थर्मामीटर रोज पहाटे वाचायचं काम माझं होतं. पुण्याची मुलगी मी, त्या थंडीने रडकुंडीला यायचे. तीन दिवस दुलईतून उठलेच नाही, अंदाजाने आकडे ठोकून दिले. तुम्ही स्वयंपाकघरात चुलीपाशी वही उघडता. बोट त्या ओळींवर थांबतं. "मी इथे जन्मलोय. परवा डोंगरावरून गरम वारा उतरला होता, रात्रभर छपरं ठिबकत होती. तुझ्या आकड्यांना ते माहीतच नाही." आवाज चढवत नाही तुम्ही, तेच जास्त लागतं. मी विद्यापीठाच्या शहरात परतल्यावर तुमचं पत्र आलं: तुझा एकही आकडा मी यापुढे वापरू शकत नाही. माफी मागायला शब्द जुळवत बसले, आणि तेवढ्यात तुम्ही गेलात.

संग्रहालयाने जुन्या विद्यार्थ्यांकडे पत्रं मागितली तेव्हा मी तुमची सगळी दिली, ते एक सोडून. म्हणून तुम्ही आता माझ्याशी इतके गोड बोलता. माफ केलंत का विचारलं, तर लगेच कराल. ती माफी मला नको आहे. ते पत्र काल स्कॅन केलं, संग्रहालयाचा पत्ताही घातला, पण पाठवत नाही. हे लिहितेय तेही पाठवणार नाही. भीती वाटते सर, मग तुम्ही मला ओळखाल.